बटनावरची साबणाची डबी

२४ ऑक्टोबर

लागला! सव्वासहाला, कुणी हात न लावता, ओट्यावरचा दिवा स्वतःहून लागला. योगराज सुरतहून दिवाळीला येताना घेऊन आला. "नाना, बटन कायम चालू राहू द्या. अंधार पडना की तो आपोआप लागी." संध्याकाळ झाली हे त्याला कोण सांगतं? सत्तरीला आलो, पण मी हात जोडले. पोरगा हसला. हसू दे.

दिवा कोकिळासाठी आहे. दसऱ्याला गल्लीपलीकडच्या गोठ्यातून दूध घेऊन येताना ती पायरीवर पडली. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा सुकतोय, अंधारात दिसणं कमी होत जाणार. योगराजनं बजावलंय, आई परत पडली तर म्हैस विकायची. ती म्हैस हिच्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही, आणि हिचंही तिच्यावाचून चालत नाही. तेव्हापासून ही जेवताना गप्प असते.

२७ ऑक्टोबर

दिवा लागला नाही. बटन बंद! टॉर्च घेऊन धावलो, तर कोकिळा दूध घेऊन दारात उभी. देवानं सांभाळलं.

२८ ऑक्टोबर

चोर सापडला. शेजारचा कौतिक. दुपारी लाईट जाते तेव्हा हा आमच्या ओट्यावर पेपर वाचत असतो, आणि बोट बटनावर. "मी ते फक्त दखस, लाईट उनी का." हा दिवा दिवसा लागतच नाही, तरी लाईट आली का हे बटन दाबून बघायची खोड साऱ्या गावाला आहे. लाईट नसताना खटखट करायचं, शेवटी बटन चालू राहिलं की बंद, कुणाला पत्ता नाही. मीही तेच करतो, खोटं कशाला लिहू. चिठ्ठी डकवली — हात लावू नये.

३० ऑक्टोबर

चिठ्ठी जागेवर. बटन बंद.

१ नोव्हेंबर

साबणाची प्लास्टिकची डबी आणली. तळ कापून बटनाभोवती स्क्रूनं बसवली, वरून झाकण. उघडल्याशिवाय बोट पोचणार नाही. कौतिक म्हणाला, "नाना, बँकनी तिजोरी शे का?"

७ नोव्हेंबर

सहा दिवस दिवा रोज लागला. आज कोकिळा दिव्याच्या भर उजेडात अडखळली. गुडघा सोलला, अर्धं दूध सांडलं. योगराजला कळवलं नाही. हा दिवा कमी पडतोय. उद्या दोंडाईचाहून मोठा आणतो.

१२ नोव्हेंबर

नवा दिवा असा की गल्लीत सुई पडली तरी दिसावी. आणि आज बटन पुन्हा बंद, वर झाकण नीट लावलेलं! हे कौतिकचं काम नाही. तो जन्मात कशाचं झाकण लावत नाही.

१७ नोव्हेंबर

दाराआड बसून राहिलो. साडेपाचला कोकिळा बादली घेऊन निघाली. थांबली. डबी उघडली, बटन बंद केलं, झाकण लावलं, गेली.

असा राग आला! तिच्या मागे गेलो आणि गोठ्याबाहेर उभा राहिलो. मिट्ट अंधार पडला तेव्हा ती भरली बादली घेऊन निघाली. नालीवरची फरशी, कौतिकची आडवी लावलेली मोटारसायकल, आमच्या पाच पायऱ्या — कुठे थांबली नाही, कुठे चाचपडली नाही. पंचेचाळीस वर्षं या बाईबरोबर संसार केला आणि हे मला ठाऊक नव्हतं.

ओट्यावर चढून म्हणाली, "मांगे चाली राहिनात, माले माहीत शे. अंधारामा पायले बठ्ठं माहीत शे. तुमना दिवा डोयामा घुसस, मंग पाय चुकतस. दसराले बी मोटारसायकलनी लाईट डोयामा घुसनी."

अंधारात पायांना सगळं ठाऊक, उजेडानंच डोळे दिपतात, तर सांगितलं का नाहीस, विचारलं. "पोऱ्यानी मायाथीन लयेल. कशी बोलू?"

पोरानं मायेनं आणलेला दिवा नको कसा म्हणायचा, म्हणून गुपचूप डबी उघडत होती.

१८ नोव्हेंबर

आज बटन मीच बंद केलं आणि तिच्याबरोबर गोठ्यावर गेलो. येताना दुसऱ्या पायरीवर मी पडलो. कोकिळानं बादली खाली ठेवली, मला उठवलं आणि हात धरून घरात आणलं.