कायमचा पत्ता

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. मी ठणठणीत आहे, हे आधी वाचा आणि मग पुढचं.

परवा एका शिंप्याच्या कात्रीला धार लावताना तळहात कापला. चारच टाके पडले. आईला दोन सांगा.

खरा ताप टाक्यांचा नाही, दवाखान्यातल्या कारकुनाचा. हातातून रक्त ठिबकतंय आणि हा विचारतो, "कायमचा पत्ता?"

म्हटलं, "मी व्हॅनमध्ये राहते."

"व्हॅन कुठे असते?"

"आज तुमच्या दारात."

"कॉम्प्युटर असं घेत नाही, मॅडम."

बाबा, सहा वर्षांपूर्वी नोकरी आणि खोली सोडली, तेव्हा वाटलं होतं, सुटले एकदाची! कसली सुटतेय? सिमकार्डाला पत्ता, गाडीच्या विम्याला पत्ता, आता फाटलेल्या कातडीलाही पत्ता. कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेल्या बाईने नुसतं गावोगाव धार लावत फिरत जगायचं म्हटलं, तरी आधी कुठेतरी राहावं लागतं!

शेवटी वैतागून तुमचा पत्ता दिला. त्याने विचारलं, "तिथेच राहता ना?" मी हो म्हणाले.

आता माझ्या नावाची पत्रं तुमच्याकडे येतील. रागाच्या भरात परत पाठवू नका. आईचा गुडघा कसा आहे? तुमच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?

आणि कुणी चौकशीला आलंच, तर "हो, इथेच राहते" म्हणा. तुम्हाला खोटं बोलणं जमत नाही, माहीत आहे मला. पण हे म्हणताना तुम्हाला फारसं जड जाणार नाही, असं वाटतं.

तुमची,
धाकटी