फोनमागची घंटी

घरच्या मालकीणबाईंना,

हे पत्र माझ्याच खिशातून येणार आहे. पण समोर बसून सांगणं मला जमायचं नाही, म्हणून लिहितोय.

लेकीने हट्टाने माझं परतीचं बिझनेस क्लासचं तिकीट काढलं. विमानाआधी बसायला वेगळा लाउंज आहे. खुर्ची इतकी मऊ की उठताना आधार शोधावा लागतो. खायला हवं तेवढं, पण एकट्याने किती खाणार? तुझे गुडघे कसे आहेत?

चहा आणणाऱ्या बाईंना मी कौतुकाने मोबाईलमधला लेकीचा फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "या होय? कामाच्या दौऱ्यावर निघताना दर रविवारी येतात. याच खुर्चीत बसून सूप पितात आणि आईला फोन लावतात."

तेवढ्यात विमानाच्या सूचनेआधीची घंटी वाजली. रविवारी फोनवर ऐकू येते ना, तीच. लेक सांगते, "शेजारच्यांची आहे गं, मी घरीच आहे, आत्ताच जेवले."

घरी ती जेवते तरी कधी? तरीच तिच्या घरात ताट एकच होतं. दुसरं तिने माझ्यासाठी विकत आणलं.

बाकी ती मजेत आहे, तब्येतही बरी आहे.

येत्या रविवारी घंटी वाजली, तर कसली ते विचारू नकोस. तिच्या विमानाची वेळ होईपर्यंत नुसती बोलत राहा.

तुझाच,
परतीच्या वाटेवरचा