काकांचा उजवा खिसा

मी, रुचा मोहन डबीर, वय एकोणीस, शिक्षण अर्धी अकरावी, काम काकांच्या दुकानात काउंटरमागे, राहणार डब्लिन, ओहायो, हे माझं मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितेय. डोकं ठिकाणावर आहे. लिही म्हणून कोणी मागे लागलेलं नाही, उलट कोणाला माहीतच नाही. तब्येत चांगली आहे, फक्त सर्दी झालीये. एवढ्या वयात मृत्युपत्र कशाला, असं वाचणारा म्हणेल. त्याचं कारण कलम चार आणि पाचमध्ये आहे. आधी सोप्या वस्तू संपवते.

लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या की इथे अठरा पूर्ण झाले की मृत्युपत्र करता येतं, दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार घेऊ नये. मराठीत लिहिलेलं चालतं का हे विचारायचं राहिलं. एका वेळी तीन प्रश्न मला जमत नाहीत. पण मराठीतच लिहितेय, कारण काका इंग्रजी नुसतं चाळतात आणि मराठी शब्द न् शब्द वाचतात.

कलम १. बँकेत जे काही असेल ते आई-बाबांना. ते कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला असतात. बाबांचं प्रोजेक्ट तिकडे गेलं तेव्हा मी इथेच राहिले, काका-काकूंकडे. शाळा सोडलीच होती आणि काकांना दुकानात माणूस हवा होता. एक अट आहे. 'तोंड दिलंय ना देवाने, मग बोल की' हे वाक्य बाबांनी परत कोणत्याही मुलीला म्हणायचं नाही. म्हटलं तर सगळे पैसे लायब्ररीला. आईने लक्ष ठेवावं.

कलम २. माझी सायकल अबोलीला. अबोली म्हणजे काकांची मुलगी, आठ वर्षांची. सीट खाली करून द्यावी. आयपॉडही तिलाच, पण त्यातली गाणी पुसू नयेत, तिला मोठी झाल्यावर आवडतील. माझ्या जॅकेटच्या झिपला गेल्या आठवड्यात एक घुंगरू बांधलंय, काकूच्या डान्स क्लासच्या पेटीतलं. तेसुद्धा अबोलीचं. ते मात्र मी मरायची वाट न बघता तिच्या कोटाला बांधायचं. आजच बांधलं तरी चालेल.

कलम ३. राग. रागाची वाटणी कोण करतं मला माहीत नाही, पण माझ्याकडे वस्तूंपेक्षा तेच जास्त आहेत.

शाळेतल्या ज्या सरांनी मला सगळ्या वर्गापुढे 'वुई आर वेटिंग' म्हणून उभं ठेवलं, त्यांच्यावरचा राग मी सोबत घेऊन जाते. कोणाला देत नाही.

काकूच्या ओळखीच्या विनीता मावशींनी गेल्या वर्षी मराठी मंडळाच्या दिवाळीत तिला विचारलं होतं, "अगं, ही मुकी आहे का?" मी तिथेच चकल्यांची प्लेट घेऊन उभी होते. तो राग मी सोडून देते, कारण मला साक्षीदार हवाय आणि मावशी अक्षर न वाचता कुठेही सही करतात.

रवी काकांच्या दुकानात मदतीला असतो, युनिव्हर्सिटीत केमिस्ट्रीत रिसर्च करतो आणि फ्रीजमधला माझा डबा खातो. त्याच्यावर राग नाही. डबा कोणाचा होता हे मला माहितीये, एवढं त्याला कळलं की झालं.

कलम ४. हे पिस्तुलाबद्दल आहे. पिस्तूल माझं नाही, त्यामुळे ते मला कोणाला देता येत नाही. पण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जुलैमध्ये भर दुपारी एक माणूस दुकानात आला, काकांच्या तोंडासमोर पिस्तूल धरलं, गल्ला रिकामा करून घेतला आणि जाताना पिस्तुलाच्या मुठीने त्यांचा पुढचा दात पाडला. मी चिप्सच्या रॅकमागे होते. त्या दिवसानंतर काका हसताना तोंडावर हात ठेवतात. मला तेव्हाही वाईट वाटत होतं आणि आताही वाटतं. काका घाबरट नाहीत आणि वाईट तर अजिबात नाहीत, हे मी इथे कायद्याने लिहून ठेवते.

मग त्यांनी पिस्तूल चालवायचा बारा तासांचा क्लास केला, शेरीफच्या ऑफिसातून परवाना काढला, आणि आम्ही पिस्तूल बघायला लागलो. आम्ही म्हणजे काका आणि मी. काका मूळचे मेकॅनिकल इंजिनियर. नोकरी गेली म्हणून दुकान घेतलं, पण मिक्सर घ्यायचा तरी चार दुकानं फिरून त्याचं भांडं उलटं करून बघतात. मला नेलं कारण मी बडबड करत नाही आणि मला दिसतं. काका पिस्तूल खिशात घालून काउंटरपासून दारापर्यंत चालायचे, पिस्तुलांच्या दुकानवाल्याच्या परवानगीने, आणि मी मागून सांगायची, दिसतंय की नाही. मानेनेच सांगायची.

पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर सगळ्यात भरवशाचं, असं दुकानवाला म्हणाला. पण त्याचं गोल पोट खिशातून वर यायचं. काका म्हणाले, "बटाटा घेऊन चाललोय असं वाटतंय." एक पंचवीस कॅलिबरचं होतं, लायटरएवढं. ते दिसत नव्हतं, पण दुकानवालाच म्हणाला की ह्याने समोरचा थांबणार नाही, फक्त चिडेल. तीनशे ऐंशीचं चपटं होतं, चांगलं होतं, पण नेमबाजीच्या रेंजवर त्याचा धक्का असा बसला की काकांच्या अंगठ्याजवळची कातडी सोलली. शेवटी बत्तीसचं घेतलं. चपटं, हलकं, सगळ्या कडा गुळगुळीत. खिशातून काढताना कुठे अडकत नाही. चाप लांब आणि जड, म्हणजे चुकून दाबला जात नाही.

"हे बघ रुचा," काका म्हणाले, "लांब चाप म्हणजे विचार करायला वेळ मिळतो."

क्लासमधला एक नियम काकांनी घरी सगळ्यांना पाठ करून घेतला होता. ज्या खिशात पिस्तूल, त्या खिशात दुसरं काहीही नाही. किल्ली नाही, नाणं नाही, रुमालसुद्धा नाही. काही अडकलं तर एक तर उडणार नाही, नाहीतर नको तेव्हा उडेल. एकदा अबोलीने प्रेमाने त्यांच्या उजव्या खिशात चॉकलेट टाकलं, तर काका तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. तेव्हापासून त्यांचा उजवा खिसा म्हणजे घरातली बंद खोली. किल्ल्या, पाकीट, च्युइंगगम, सगळं डावीकडे. त्यांची पँट डाव्या बाजूने खाली ओढली जाते.

आणि एवढा नियम पाळणाऱ्या माणसाने खंडेनवमीला पिस्तूल पाटावर ठेवलं.

काकूच म्हणाली होती, "लोखंड आहे ना? मग पूजा नको?" पाटावर ड्रिल मशीन, विळी, काकांचा जुना लॅपटॉप आणि मध्ये ते. काकांनी गोळ्यांचं मॅगझिन आधी काढून ठेवलं होतं, आत गोळी नाही हे दोनदा बघितलं होतं. काकूने सगळ्यांना हळद-कुंकू लावलं, पाणी शिंपडलं, ग्रोसरीतली पिवळी शेवंती ठेवली आणि ओल्या कुंकवातल्या अक्षता टाकल्या. मूठभर टाकल्या. काकूचा हात सढळ आहे.

"मॉम, इज इट गुड नाऊ?" अबोलीने विचारलं.

"हो गं सोन्या, आता ते शहाणं झालं," काकू म्हणाली.

दसऱ्याला सकाळी काकांनी पिस्तूल रुमालाने पुसलं, मॅगझिन घातलं आणि खिशात टाकलं. वरून लख्ख दिसत होतं.

कलम ५. गेल्या आठवड्यातला, भाऊबीजेनंतरचा गुरुवार. रवीला ताप होता म्हणून काका पहाटेच एकटे दुकान उघडायला गेले. मला वाटलं त्यांना मदत होईल, म्हणून मी चालत गेले. थंडी होती, जॅकेटची टोपी डोक्यावर होती. पुढचं दार अजून बंद होतं, माझ्याकडे मागची किल्ली आहे. स्टोअररूममधला बल्ब गेलेला. मी दार लावून घेतलं आणि पुढे आले.

काका कॉफी मशीनपाशी होते, पाठ माझ्याकडे. त्यांना चाहूल लागली.

"कोण आहे?" मग इंग्रजीत, मोठ्याने, "हू इज देअर? से समथिंग!"

माझं नेहमी जे होतं ते झालं. लोकांना वाटतं मी बोलत नाही. तसं नाही. शब्द तोंडात तयार असतो, 'काका', दोनच अक्षरं, पण वाट मिळत नाही. मी हात वर करायला गेले. ते आणखीनच वाईट दिसलं असणार.

त्यांनी पिस्तूल खिशातून काढलं. कुठेही अडकलं नाही. आम्ही तेच तर बघून घेतलं होतं.

चाप लांब आहे. मी तो पूर्ण मागे येताना बघितला.

टक्.

एवढाच आवाज. स्टेपलर संपल्यावर येतो तसा. मग काकांनी टोपीच्या आत माझा चेहरा बघितला. ते खाली बसले, कपांच्या खोक्यावर, खोकं चेपलं. कॉफी भरून सांडत होती, ती मी बंद केली. मग ते म्हणाले, "काकूला सांगू नकोस." मी सांगितलेलं नाही. लिहायचं नाही असं ते म्हणाले नव्हते.

दुपारी आम्ही पिस्तूल घेऊन दुकानवाल्याकडे गेलो. त्याने उघडून बघितलं. मागे घोड्यासाठी, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या तुकड्यासाठी, फट असते. तो फटीत डब्यातल्या हवेचा फवारा मारत होता तर टेबलावर काहीतरी लाल पडलं. अर्धा चेंगरलेला तांदूळ. घोडा त्याच्यावर आपटला होता, पुढे जोर पोचलाच नव्हता. गोळीच्या बुडावर नुसता हलका खळगा.

"इज दॅट राइस?" तो खूप हसला. काका हसले नाहीत. मी दाणा उचलला आणि टिश्यूत ठेवला.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते. काकांनी तिथल्या तिथे ते पिस्तूल परत दिलं आणि दुसरं पसंत केलं. सोमवारी, म्हणजे उद्या, आणायला जायचंय. मलाच उघडून दाखवत होते. "बघ, ह्याचा घोडा पूर्ण आत आहे. मागे फटच नाही. ह्यात दाणा जायला जागाच नाही."

काका, मला कळतं की तुम्ही माझ्याशी बोलू शकत नव्हता म्हणून पिस्तुलाबद्दल बोलत होता. पण तुम्ही म्हणालात, पहिलं पिस्तूल फेल गेलं. मी पुढे उभी होते. मला नाही वाटत ते फेल गेलं.

आणि मागच्या दाराने फक्त मी येत नाही. शनिवारी अबोली येते, आणि तुम्हाला दचकवायचं म्हणून मुद्दाम आवाज न करता येते.

कलम ६. तो तांदळाचा दाणा माझा आहे, मी उचलला होता. सध्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत आहे. तो काकांना, म्हणजे श्री. सत्यजित डबीर यांना. दुसरं काही त्यांना ठेवत नाही, कारण ह्याच्यापेक्षा महाग माझ्याकडे काही नाही.

कलम ७. माझ्या मागे कोणी भाषण करू नये. मला स्वतःला कधी जमलं नाही, दुसऱ्यांनीही त्रास घेऊ नये. काकूने पुरणपोळी करावी, मला आवडते म्हणून नाही, तिला करताना गाणं म्हणायची सवय आहे म्हणून.

संपलं असं वाटून मी इथे सही करणार होते, पण आज दुपारी एक गोष्ट झाली, ती जोडते.

कागद मी काकांना वाचायला दिले. ते काउंटरला टेकून, चष्मा कपाळावर घेऊन वाचत होते. मध्ये एक गिऱ्हाईक येऊन दूध घेऊन गेलं, काकांनी पैसे एका हाताने घेतले. कलम पाचपाशी ते बराच वेळ थांबले. सगळं वाचून झाल्यावर म्हणाले, "साक्षीदार लागतो ना? पेन दे. मी करतो सही."

"तुम्हाला नाही चालणार," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, रवीने मॉप थांबवून बघितलं. "तुमच्या नावावर दाणा आहे."

काकांनी हात पुढे केला. "मग तो आत्ताच दे."

मी डबी दिली. त्यांनी झाकण उघडून बघितलं, परत लावलं, अंगठ्याने दाबून घट्ट केलं. मग डबी उजव्या खिशात टाकली आणि पिस्तुलाच्या दुकानवाल्याला फोन लावायला गेले.

म्हणून कलम ६ मी साक्षीदारांसमोर खोडते. वस्तू देऊन झाली आहे. बाकीची कलमं आहेत तशीच राहतील, घाई नाही.

सही: रुचा मोहन डबीर

आमच्यासमोर तिने सही केली, तिच्यासमोर आम्ही केली:
विनीता बापट (अक्षर न् अक्षर वाचून. रुचा, मला माफ कर गं.)
रवी सोमण (डब्याचं कळलं.)

ठिकाण: दुकान, डब्लिन, ओहायो
रविवार, ५ नोव्हेंबर २००६