अण्णांची निम्मी काठी

तीर्थरूप अण्णा,

तुमचं तेरावं होऊन तीन दिवस झाले. पाहुणे गेले. मी आज ढोकीला सासरी परतणार होते, पण कालपासून बाहेर बसले आहे. ओसरीचा कोपरा, घोंगडी, तांब्या, आणि हाताला काम नाही. म्हणून तुमच्याच स्टेशनातल्या जुन्या कागदांच्या पाठीवर लिहिते आहे. काल दुपारपासून माझं डोकं जाग्यावर नाही.

काल हुसेनचाचा आले होते. तुम्ही खिडकीत तिकिटं देत होता तेव्हा बाहेर रूळ बदलणारे, येडशीचे तुमचे पॉइंटमन. पायरीखालीच बसले. बगलेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब, हातात सिगारेटचा पत्र्याचा डबा. मला वाटलं, तुमची कागदपत्रं असतील. डबा उघडला तर आत बारीक बारीक गळ, आणि प्रत्येक गळाला रेशमाच्या दोऱ्यानं बांधलेली कोंबडीची पिसं!

"अण्णांचं हाय," चाचा म्हणाले. "तुमच्या घरात पीस चालायचं न्हाय, म्हणून माझ्याकडं ठेवलं व्हतं. अमानत हाय ताई. आता तुमच्या हवाली."

आपल्या घरात, अण्णा? जिथं अंड्याचं नाव काढलं तरी आई चूळ भरायला लावते, त्या घरातून तुम्ही दर रविवारी मासे धरायला जात होता?

मग चाचांनी फडकं सोडलं. आत काठीचा तुकडा होता. गुळाच्या पाकाचा रंग, शेंड्याकडं निमुळता, अंगाला बारीक कड्या. तो रंग मी लगेच ओळखला. कारण त्या काठीचा खालचा निम्मा भाग आपल्या परसात असतो. आईची सोवळ्याची काठी!

रोज पहाटे आई तिनंच ओलं लुगडं उचलून उंच दांडीवर टाकते, हाताचा स्पर्श होऊ न देता. निजामाचं राज्य गेलं, मुंबई राज्य आलं, महाराष्ट्र झाला, पण आईचं सोवळं तसूभर हललं नाही. आणि ती काठी तिला तुम्हीच आणून दिली होती. "काचेच्या धाग्यांची आहे. काचेला विटाळ नसतो," असं सांगून. आईला किती आवडली ती! हलकी, पाण्यानं फुगत नाही, उन्हानं वाकडी होत नाही, वाळवी लागत नाही. कड्या कशाला, असं तिनं विचारलं तर म्हणालात, शोभेला. रविवारी रामलिंगच्या देवळाला जाताना तुम्ही ती मागून न्यायचात, तिथं माकडं फार म्हणून. संध्याकाळी आम्ही मायलेकी तुमच्या माकडांच्या गोष्टी ऐकत बसायचो. माकडं कोण होती, ते आत्ता कळलं.

चाचांनी सगळं सांगितलं. रेल्वेची कंपनी गेली तेव्हा गोऱ्या इंजिनियरानं जाताना ती तुम्हाला दिली. त्याच्या वेताच्या काठ्या आपल्या उन्हाळ्यानं तडकल्या होत्या, ही एकच टिकली. रामलिंगच्या बऱ्याच खाली, ओढ्याच्या डोहावर त्यानंच तुम्हाला माशाला किडा वाटावा असं पीस पाण्यावर अलगद टाकायला शिकवलं होतं.

"मागं एकानं सोलापुरातनं नवी, कडक काठी आणली व्हती," चाचा म्हणाले. "अण्णांनी दोन रविवार वापरली आन परत केली. म्हणले, हुसेन, ती काठी लई घाई करती. ही दम धरती. बोटाएवढा मासा लागला तरी वाकती, आन मुठीत कळतं."

तिकिटाच्या खिडकीवर कुणी कितीही हुज्जत घातली तरी तुमचा आवाज चढत नसे. तो दम त्या काठीचा होता होय? मला वाटायचं, आमचे अण्णा जन्मतःच शांत.

पण अण्णा, एक विचारते. मी पहिल्यांदा बाहेर बसले होते तो दिवस आठवतो? वाऱ्यानं काठी पडली आणि मी सवयीनं उचलून ठेवली. आईनं माझ्या मुस्कटात मारली. काठी सात वेळा धुतली, वर गोमूत्र शिंपडलं. तुम्ही दारात उभे होता. आधीच्या रविवारी त्याच काठीला मासा लागला असेल, नाही का? तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तोंड का नाही उघडलंत? एक शब्द बोलला असतात तर तुमचा रविवार गेला असता. तुम्ही रविवार ठेवलात आणि माझा गाल दिलात. माझे अण्णा असं करतील, हे अजून मला खरं वाटत नाही.

चाचा बोलत होते आणि आई दाराआड उभी राहून ऐकत होती. मला ती तेव्हाच दिसली. आता ही काठीचे तुकडे करणार आणि तुमच्या नावानं बोलणार, असं वाटलं. तिनं एवढंच विचारलं, "खात होते का?"

"न्हाय बाईसाब. अल्लाची शपथ. वल्या हातानं गळ सोडवायचे आन परत पाण्यात. म्या म्हणायचो, एखादा तरी द्या की कालवणाला. एकबी दिला न्हाय."

आई परसात गेली, काठी घेऊन आली. "जोडा," म्हणाली. तिनं बुचाची मूठ धरली, चाचांनी वरचा तुकडा आत सरकवला. काठी आईच्या डोक्याच्याही वर गेली आणि शेंडा आपोआप हलायला लागला. आई बघत राहिली. डोळे पुसले आणि म्हणाली, "मासळी पाण्यातच राहिली की. पाण्यात राहिलेल्याला कसला विटाळ?"

आणि आज पहाटे वरचा तुकडा काढून ठेवून तिनं त्याच काठीनं लुगडं वाळत टाकलं. मी घोंगडीवरून बघत होते. तुम्ही गेल्याची तार आली तेव्हासुद्धा मी इतकी सुन्न झाले नव्हते. तुमची दहा वर्षांची लबाडी एका वाक्यात माफ! मग माझे चार दिवस का नाहीत? मीही आईसारखीच आपल्या आडाच्या पाण्यानं अंघोळ करते ना?

राग आहे, अण्णा. तरी आठवण येते. एकदा मला सोबत नेलं असतंत तर मी कुणाला सांगितलं नसतं. मला म्हणायचात, मुलींनी माकडांत येऊ नये.

येत्या रविवारी चाचांबरोबर मी डोहावर जाणार आहे, माझ्या लेकीला, सुधीला घेऊन. पहिला मासा लागला की तुमच्यासारखाच सोडून देईन. पण तुमच्यासारखं लपवणार नाही, हा माझा शब्द. उद्या पहाटे आई आडावरून ओलं लुगडं घेऊन येईल तेव्हा काठी दांडीपाशी नसेल, माझ्या हातात असेल. मी ती तिच्यापुढं धरीन. धुवायची असेल तर तिनं माझ्या डोळ्यांत बघून धुवावी.

उद्या माझा तिसरा दिवस आहे.

तुमची,
कुमुद