सुरुचीसाठी रविवारचे प्रयोग

१ जुलै २००७, रविवार
आजपासून नवीन सुरुवात. मीनल सुरुचीला घेऊन माहेरी बदलापूरला गेली त्याला तीन महिने झाले. चेंज म्हणून गेलीय. आमच्या किचनच्या भिंतीला ओल आहे, तिला सर्दीचा त्रास. सुरुची दर रविवारी माझ्याकडे अंबरनाथला येते आणि टीव्ही बघून जाते. हे बंद. तिसरीतल्या मुलीला जीवशास्त्र हाताने शिकवायचं. पोर इथे रमली की मागोमाग आई येणारच. साधं लॉजिक.
प्रयोग पहिला: ओल्या कापसात राजमा. सुरुची म्हणाली, शाळेत झालाय. म्हटलं, माझ्या पद्धतीने नाही झालेला.

८ जुलै, रविवार
राजमा कुजला. रोज तीनदा पाणी घातलं, काळजी कमी पडली असं कोणी म्हणू शकत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन जास्त. सुरुचीने नाक धरलं, पण हसली.
मेव्हणा समीर तिला न्यायला आला. वर आला नाही, खालूनच हॉर्न. पार्किंगचा प्रॉब्लेम असतो.

२२ जुलै, रविवार
फॅक्टरीतला भीमराव पालेगावला राहतो. त्याने दारच्या कढीपत्त्यावरची फुलपाखराची अळी आणून दिली. जॅमच्या बाटलीत ठेवली, झाकणाला भोकं पाडली. सुरुचीने नाव ठेवलं भेंडी. शास्त्रीय नाही, पण चालवून घेतलं.
मीनलला फोन करून सगळं सांगितलं. म्हणाली, "बरं. आपण नंतर बोलू." बोलू म्हणाली! उद्याच किचनसाठी रंगारी बघतो.

२९ जुलै, रविवार
रंगारी राहिला. ऑडिटचा आठवडा होता.
नरसाळ्याला रबरी नळी लावून स्टेथोस्कोप केला. उड्या मारायच्या आधी आणि नंतर ठोके मोजायचे. सुरुचीने आधी माझे मोजले. एकशे आठ. "बाबा, तू तर अजून उड्या मारल्याच नाहीस." नळीत दोष असणार.

५ ऑगस्ट, रविवार
भेंडी काल कोशात गेली. आणि आज सुरुचीला सोडायला मीनल स्वतः आली! दारातच उभी राहून म्हणाली, "थोडं बोलायचं होतं." म्हटलं, आधी हे बघ. कोश, कढीपत्ता, पुढचे दोन प्रयोग, सगळं समजावलं. वीस मिनिटं झाली, खाली रिक्षा थांबलेली, ती गेली. डोळे भरून आले होते तिचे. विज्ञानाचा परिणाम होतोच.
सुरुचीने बाटली मांडीवर घेतली. फुलपाखरू कधी येणार विचारलं. म्हटलं, दहा-बारा दिवस. तिने बोटांवर मोजलं. म्हणाली, "जरा लवकर नाही का होणार?" ही जिज्ञासा माझ्याकडून आलीय.

१२ ऑगस्ट, रविवार
सुरुची आली नाही. मीनलचा फोन स्विच ऑफ. बदलापूरला लाइटची बोंब असते, चार्जिंग नसेल.

१५ ऑगस्ट, बुधवार, सकाळी ९
आलं! काळं, पांढऱ्या ठिपक्यांचं. बाटली जरा अरुंद पडली, एक पंख मुडपलाय. बदलापूरपर्यंत सरळ होईल. आज सुट्टी. न सांगता जातो, सरप्राइज.

दुपारी ३
दाराला कुलूप. शेजारच्या इंदुबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही इकडे कसे? सोमवारीच सगळे नाशिकला गेले की. मीनलला तिकडे नोकरी लागली, आईलाही घेऊन गेली. सामान पोचवायला समीर गेलाय. महिन्याभरापूर्वीच ठरलं होतं."
मी बाटली पाठीमागे धरली.
म्हणाल्या, "मीनल तुम्हाला सांगणार होती. तर पोरगी म्हणाली, नको, बाबांना मी सांगते. टेम्पोत बसताना फार रडली हो. तुम्हाला माहीत असेलच ना सगळं?"
म्हटलं, हो तर. मीच म्हटलं, जा.
इंदुबाई चहा ठेवायला आत गेल्या.
मला माहीत नव्हतं.