तळाची झडप

ता. ४ मार्च

ती. ताईस सा. न.

रोज लिहायला बसतो आणि काहीतरी कारण काढून उठतो. खरं सांगू? भीती वाटते. फोनवर बोलायची सोय नाही, इथले फोन ऐकतात म्हणे.

पाण्यातही चालणारी लष्करी गाडी इथे बनते, दोन देशांची मिळून. सांगाडा आपला, झडपा त्यांच्या. मी साफसफाईला आहे. (ही नोकरी कितवी ते विचारू नकोस. खोलीच्या खिडकीतून तळं दिसतं, बदकं आहेत. ते असो.) परवा गाडी आतून धुतली. पाणी सोडायला तळाच्या झडपेचा दांडा वर केला, थेंब हलला नाही. खाली केला, तर सगळं पाणी धो धो खाली, बाहेर काढून ठेवलेल्या माझ्या बुटांवर! आणि पाटीवर लिहिलंय, दांडा खाली म्हणजे झडप बंद. आपल्या झडपा तशा असतात, त्यांच्या उलट्या. पाटी वाचून दांडा खाली ठेवला की तळ्याचं पाणी सरळ गाडीत.

सुपरवायझर म्हणाले, आपलं आपण तपासलंय, त्यांचं त्यांनी, तू फरशी पूस. म्हणजे जोडल्यावर कुणीच पाहिलेलं नाही. पंधराला दोन्हीकडच्या मंत्र्यांसमोर गाडी तळ्यात उतरणार, आणि चालवणार आपले भाऊजी. त्यांना अडव गं.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा भिंगरी

ता. ९ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्र उभ्यानेच वाचलं. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे. हे आधी हसले. म्हणाले, तुझ्या भावाला बादली धड उचलता येत नाही, तो लष्कराच्या गाड्या तपासणार? मग जेवता जेवता थांबले आणि विचारलं, वर की खाली?

ह्यांनी त्यांच्या साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, दोन्ही देशांच्या सह्या झाल्यात, आता गाडी उघडली तर करारच लटकेल. काल हे तिकडे गेले. हुकूम आहे म्हणाले, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तू एकही काम कधी शेवटाला नेलं नाहीस, राजा. एवढं ने. त्यांना पाण्यात जाऊ देऊ नकोस.

जिवाला जप, माझ्याही.

तुझी ताई

ता. १५ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र आल्यापासून भाऊजींना गाठायला रोज फाटकावर जातोय. झडपेचं बोललो म्हणून माझा पास काढून घेतलाय. आज तर पहारेकऱ्याने बंदुकीच्या दस्त्याने मागे ढकललं. आता खिडकीतून मांडव दिसतोय, दोन्ही झेंडे, बँड. गाडी काठावर आहे, बँड थांबला की पाण्यात उतरणार. स्वस्थ बसवत नाही म्हणून लिहितोय.

थांब, कुणीतरी दार बडवतंय. मला न्यायला आले बहुतेक.

ताई, भाऊजी आलेत! कमरेचा पट्टा काढून घेतलाय, धापा टाकतायत. गाडीत बसायला नाही म्हणाले, म्हणून त्यांना कोठडीत टाकायला नेत होते, ते गर्दीतून निसटले. रडू नकोस, धडधाकट समोर उभे आहेत. पण त्यांच्या जागी दुसऱ्या ड्रायव्हरला बसवलंय, आणि त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. भाऊजी माझा दंड धरून ओढतायत. म्हणतात, पाणी वाहताना तू पाहिलंयस, मी नाही. चल.

बँड थांबला.