चेष्टा

१० जानेवारी १९६८
वसंताला नेलं. मी भात उतरवत होते, तोच शिपाई दारात. भरवेलीच्या रस्त्यावर तिघांनी दुलीचंद कापडवाल्याला अडवलं म्हणे – काठी मारली, मनगटावरचं घड्याळ हिसकावलं. तिघंही पळाले. संशय आला माझ्या पोरावर!
वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

१३ जानेवारी
मॅजिस्ट्रेटपुढे वसंताचा जबाब झाला. काय बोलला ते कोणी सांगत नाही.

१९ जानेवारी
एका वकिलाने दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्याने जबाबाची नक्कल काढून आणली, वाचली आणि माझ्याकडे सरकवली. “बाई, लड़के ने खुद कबूल किया है. अब मैं क्या बोलूँ?”
नळावर चंपाबाई ऐकू जाईल असं बोलली, बिनबापाचं पोरगं असंच निघते. हे खाणीत वारले त्याला सहा वर्षं झाली. हे असते तर तिची जीभ उचलली नसती.

२० जानेवारी
नक्कल स्वतः वाचली. शाळा पाहिली नाही मी. किराण्याच्या पुड्यांचे मराठी कागद वाचून अक्षरं बसली, इथलं कोर्ट हिंदीत, पण हिंदीचीही अक्षरं तीच. जबाब दोन ओळींचा. “मैंने चेष्टा की थी. घड़ी मैंने नहीं ली.”
चेष्टा म्हणजे थट्टा! पोराने थट्टा केली – यात कबुली कुठली?

२२ जानेवारी
घोरमारे वकील मूळचे भंडाऱ्याचे. त्यांच्यापुढे कागद ठेवून त्या शब्दावर बोट ठेवलं. त्यांनी दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. मग म्हणाले, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. पोरगा मराठी शब्द बोलला आणि कोर्टाने ‘लुटायचा प्रयत्न केला’ असं वाचलं. दुलीचंदने तोंडं पाहिली नाहीत, सगळ्यांनी गमछे बांधले होते. घड्याळही सापडलं नाही. या एका शब्दावरच सगळं उभं आहे.
केस घेतली!
मी उठले तेव्हा विचारलं, “घरी हाच शब्द बोलता ना, बाई? कोर्टात सांगा लागन.”
“हौ,” म्हटलं.

२३ जानेवारी
घरी आम्ही मस्करी म्हणतो. चेष्टा हा शब्द मी पुड्यांच्या कागदात वाचला.

२ एप्रिल
आज माझी साक्ष. खरं बोलेन अशी शपथ घेतली. सरकारी वकिलाने हिंदीत विचारलं, हा शब्द घरात खरंच बोलता का?
“हौ साहेब. ‘चेष्टा नको करू रे’ – असंच बोलतो आमी घरी.”
वसंता खाली बघत होता.
घरी येऊन यांच्या फोटोपुढे बसले. खोटं बोलले. पण एका शब्दापुरतं. पोराबद्दल नाही.

९ एप्रिल
सुटला! घोरमारे साहेब म्हणाले, “वकील तं तुमीच होत्या, बाई.” चंपाबाईने स्वतःहून पाण्याची घागर आणून दिली. सहा वर्षांत पहिल्यांदा या घरात कोणी परत आलं.

१० एप्रिल
वसंता जेवायला बसला. दोन घास खाल्ले आणि थांबला.
“माय, मराठीत चेष्टाचा मतलब खरंच मस्करी होते काय वो? मले तं कोर्टातच मालूम झालं.”